तेरा तारखेची हजेरी

मोताळा
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५, सकाळचे ९ वाजून २० मिनिटे. दुकानाचं शटर अर्धं वर केलं आहे. गिऱ्हाईक यायच्या आत एक फाटकं पान भिंगाखाली बघत होतो.

ती. निवृत्तीमामांस,
भागवतचा नमस्कार.

तुमच्या कानांमुळे आता फोनवर बोलणं होत नाही असं आई म्हणाली, म्हणून पत्र लिहितो. वर तारीख, वेळ आणि हातातलं काम लिहिलं आहे. मागच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याला चार दिवस तुमच्याजवळ बसलो होतो. रेकॉर्ड रूममध्ये कागद जोडताना तुम्ही तेहतीस वर्षं अशीच वही ठेवली, असं तेव्हा म्हणाला होतात. मला ती सवय लावून घ्यायची आहे.

मी अजून त्याच झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानात आहे. परवा टेंभुरखेडहून काम आलं. तिथल्या ग्रामपंचायतीचं जुनं कपाट रिकामं करताना दुष्काळी कामाचं हजेरीपत्रक सापडलं. १९७३ सालचं, अकरा पानं. गावकऱ्यांनी तेव्हा मजुरीवर पाझर तलाव खोदायला घेतला होता. तो पंच्याहत्तर साली पुरा झाला. त्याला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून तलावावर दगड बसवणार आहेत. माजी सरपंच भाऊराव यांचे वडील त्या कामावर मुकादम होते आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही आहे. भाऊरावांना ही पानं लॅमिनेशन करून समारंभात मांडायची आहेत. दगडावर 'तलावाचे शिल्पकार' म्हणून वडिलांचं एकट्याचं नाव घालायचं आहे. त्याचा ठराव १ मेच्या ग्रामसभेत येणार आहे.

लॅमिनेशनला मी नाही म्हणालो. पानं इतकी कडक झाली आहेत की यंत्राच्या रोलरमधून भुगाच बाहेर येईल. मालक चिडले. पानाला तीस रुपये मिळतात तर तुझं काय जातं, म्हणाले. महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

सातव्या पानाचे वरून खाली तिरके फाटून दोन तुकडे झाले आहेत. मैद्याची पातळ खळ करून मागून जोडावं असा विचार होता. पण कडेला माझं ओलं बोट लागलं आणि बोट जांभळं झालं. लिहिलेलं तर साध्या शिसपेन्सिलीसारखं राखाडी दिसतं. मी तिथेच थांबलो. हे काय आहे? पुढे काय करू?

आणखी एक. काल टेंभुरखेडच्या शालूबाई आल्या होत्या. वय चौसष्ट, वाचता येत नाही. त्यांची मोठी बहीण चांगुणा त्या तलावाच्या कामावर मुरूम खोदताना दरडीखाली सापडून गेली. तारीख १३ फेब्रुवारी १९७३, वय एकोणीस. ती त्या दिवशी कामावर नव्हतीच, सरपण वेचायला आली होती, असं तेव्हा कामावरच्या सरकारी साहेबांनी लिहून नेलं. बावन्न वर्षं गाव तेच म्हणत आलं आहे. शालूबाईंनी मला बहिणीची हजेरी वाचायला सांगितली. सातव्या पानावर तिचं नाव आहे. बारा तारखेपर्यंत तिच्या ओळीत कामाच्या दिवशी १ मांडलेला आहे. फाट नेमकी तेराच्या चौकोनातून गेली आहे. दोन्ही तुकडे जवळ आणले की तिथे शाईने लिहिलेलं 'गै' दिसतं. म्हणजे गैरहजर. मी ते वाचून दाखवलं.

शालूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या हातानं तिले तितं भाकर नेऊन देल्ली मी, बापा. तो कागद खोटं बोलून राह्यला."

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा,
भागवत


साखरखेर्डा
९ एप्रिल

चि. भागवत,

बोट जांभळं झाल्यावर थांबलास, त्याचे शंभरातले चाळीस मार्क. ओलं बोट कागदापर्यंत गेलंच कसं, त्याचे साठ कापले.

ती कॉपिंग पेन्सिल. जुन्या ओव्हरसियर लोकांच्या कानावर खोचलेली असायची. तिच्या शिशात जांभळा रंग कालवलेला असतो. कोरडी आहे तोवर राखाडी, ओल लागली की जांभळी, आणि एकदा जांभळी झाली की ब्रह्मदेवालाही ती परत राखाडी करता येत नाही. तेव्हा पाणी नको, खळ नको. स्पिरिटही नको, त्यातही हा रंग सुटतो. तोंडाला फडकं बांधून बस. तुझा श्वाससुद्धा त्या पानाला जास्त आहे.

सोबत पातळ जपानी कागद पाठवतो. त्याच्या एका अंगाला ऊब दिल्यावर चिकटणारा लेप आहे. माझ्याकडे एवढाच उरला होता, म्हणून मोजून वापर. तुकडा कात्रीने कापू नकोस. सुईने टोचत जा आणि मग हलकेच फाड, म्हणजे कडेला बारीक केस सुटतात आणि जोड दिसत नाही. पान पालथं करून फाटीवर तुकडा ठेव, वर सिलिकॉनचा कागद, त्यावरून छोटी इस्त्री. आठ मोजायचे, उचलायची, वजन ठेवायचं. फाटीभर एकच लांब पट्टी लावशील तर पान उन्हाळ्यात आकसेल आणि पट्टीच्या शेजारी नवीन फाटेल. बोटाच्या पेराएवढे तुकडे लाव, मध्ये जागा सोड.

आता दुसरं. आपलं काम फाटलेलं जोडायचं. त्यात काय लिहिलंय ते वाचायचं नाही. जमिनी, खून, भावाभावांच्या वाटण्या, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. एक ओळ वाचली नाही, म्हणून पेन्शन घेऊन घरी आलो. शालूबाईंना चहा पाज आणि घरी पाठव.

निवृत्ती


मोताळा
बुधवार, १६ एप्रिल २०२५, दुपारचे ४ वाजून १० मिनिटे. इस्त्री गार व्हायला ठेवली आहे.

ती. मामा,

सातवं पान जुळलं. नऊ तुकडे लागले. चौथा तुकडा वाकडा बसला, तो पुन्हा ऊब देऊन उचलला आणि सरळ लावला. पुढून फाट केसाएवढी दिसते. बाकीच्या पानांच्या घड्यांवरच्या फाटीही जोडत आलो आहे. मालकांनी स्वतः पान हातात घेऊन उजेडात धरलं आणि जपून परत ठेवलं.

एक गोष्ट कळवायची आहे. सातव्या पानाच्या मधल्या पाच-सहा ओळींवर जांभळी छटा आली आहे. कशामुळे ते नक्की सांगता येत नाही. हवेत दमटपणा असावा. चांगुणाच्या ओळीत, तेराच्या चौकोनात, शाईच्या 'गै'च्या खाली एक जांभळा १ दिसायला लागला आहे. फोटो मोठा करून सोबत जोडतो.

काल संध्याकाळी भाऊराव आले. त्यांनाही तो दिसला. मला म्हणाले, "काऊन बे, तुले जोडाले देल्लं होतं का वाचाले?" नंतर आवाज खाली आणला. दहाच पानं मांडू, सातवं त्यांच्याजवळ वेगळं द्यावं, त्याचे दुप्पट पैसे देतील, म्हणाले. मी म्हणालो, पावतीवर अकरा पानं लिहिली आहेत, अकराच परत येतील.

आता मी काय करावं?

तुमचा,
भागवत


साखरखेर्डा
२० एप्रिल

भागवत,

एप्रिल महिन्यात मोताळ्याच्या हवेत दमटपणा? घाटाखाली या दिवसांत माणसाचे ओठ फुटतात, आणि तू मला दमटपणा सांगतोस. मला ऐकू येत नाही, दिसतं मात्र चांगलं.

मी सांगतो काय झालं. बाई तुझ्यासमोर बसली, तुला तिची दया आली आणि तू त्या चौकोनावरून ओला बोळा फिरवलास. खाली काही निघतं का ते बघायला. पाच-सहा ओळींवर रंग पसरला तो त्यामुळे. ज्याला जे हवं ते कागदातून उगवलं, असं उद्या भाऊराव म्हणेल, आणि मला विचारलं तर मीही तेच म्हणेन. फाटलेला कागद माफ करतो, हात लावणारा खोटं बोलला तर नाही.

उरलेला जपानी कागद परत पाठव. अकरा पानं पंचायतीत नेऊन दे, पावती घे आणि गप्प राहा.

निवृत्ती


मोताळा
गुरुवार, २४ एप्रिल २०२५, सकाळचे ६ वाजून ५ मिनिटे. घरी, ओट्यावर. तुमचं पत्र चौथ्यांदा वाचून बाजूला ठेवलं.

ती. मामा,

तुम्ही अर्धं बरोबर ओळखलंत. मी खोटं लिहिलं. बोळा मात्र फिरवला नाही.

१४ तारखेला दुपारी दीड वाजता दुकानात त्रेचाळीस डिग्री होती. माझ्या कपाळावरून घाम वाहत होता. तुम्ही श्वासाचंही लिहिलं होतं, म्हणून घामाचा थेंब पानावर पडेल या भीतीने मी कूलर लावला. त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि दुकान गार होईपर्यंत जेवायला गेलो. कूलर म्हणजे पाणीच हवेत मिसळतो, हे मला माहीत आहे. तोच कूलर रोज मी भरतो. पण त्या वेळी डोक्यात फक्त घाम होता. भिंतीवर आदळून ती ओली हवा टेबलावर आली. चाळीस मिनिटांनी परत आलो तर दुकानभर वाळ्याचा वास आणि पान कडेने वर उचललेलं. छटा तेव्हा आली. तुम्हाला लिहायची लाज वाटली, म्हणून दमटपणा लिहिला.

आता दुसरं अर्धं. १२ तारखेच्या पानावर माझ्या वहीत नोंद आहे: 'सातवे पान, ओळ नऊ, तेराचा चौकोन, कागदाचे तंतू उठलेले, रबराने खोडल्यासारखे.' ती नोंद कूलरच्या दोन दिवस आधीची आहे. रबराने शिसं गेलं, तंतूत उतरलेला रंग गेला नाही. ओल लागल्यावर तो वर आला. त्याच ओळीत चार आणि अकरा तारखेचे चौकोन रिकामे आहेत, कारण ते रविवार होते. तीच हवा त्यांनाही लागली. ते भिंगाखाली पाहिले, दोन्ही पांढरे स्वच्छ आहेत. जिथे पेन्सिल कधी टेकलीच नाही तिथे रंग येत नाही. तेराच्या चौकोनात आधी १ होता. चांगुणा कामावर होती. नंतर कोणीतरी तो खोडला आणि शाईने 'गै' लिहिलं.

मी गप्प राहणार नाही. जपानी कागदही आज परत पाठवत नाही, काम संपलं की उरलेला पाठवीन. तुमचा मान राखून एक विचारतो. फाटलेल्या दोन कडा नीट जुळल्या की नाही, हे अर्ध्या अक्षराशी उरलेलं अर्धं अक्षर जुळवूनच कळतं. मीही तसंच जुळवलं. मग न वाचता तुम्ही तेहतीस वर्षं कसं जोडलंत?

राग आला असेल तर येऊ द्या. उत्तर मात्र द्या. ग्रामसभा १ तारखेला आहे.

भागवत


साखरखेर्डा
२७ एप्रिल. कंडक्टरच्या हाती पाठवतो, टपालाला उशीर होईल.

चि. भागवत,

वाचतच होतो. सगळं. बोललो नाही, एवढंच. हे तुझ्या मामीलाही कधी सांगितलं नाही.

अहवाल लिही. पहिली ओळ तुझ्या चुकीची असू दे: तारीख, वेळ, कूलर. तू आधी सांगितलीस की ती तुझ्यावर फेकून मारायला कुणाच्या हातात राहत नाही. मग रबराची नोंद, मग रविवारचे चौकोन. 'खोडले' एवढंच लिही. कोणी खोडले ते कागद सांगत नाही, तर तूही सांगू नकोस. पुन्हा ओल लावून दाखव म्हणतील. लावू नकोस, कोणी कितीही चढवलं तरी. माझं दहापटीचं भिंग पाठवतो, तुझं खेळण्यातलं आहे.

कूलरबद्दलच्या शिव्या समक्ष देईन. त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

निवृत्ती


मोताळा
शुक्रवार, २ मे २०२५, सकाळचे ७ वाजून ३० मिनिटे. तुमचं भिंग फडक्याने पुसून डबीत ठेवलं.

ती. मामा,

काल सभा झाली. पंचायतीसमोरच्या शेडमध्ये शंभरावर माणसं होती, बायका एका अंगाला. दगडाचा विषय चौथा होता. तो निघाल्यावर मी उभा राहिलो आणि दुरुस्तीचा अहवाल वाचायचा आहे म्हणालो. ग्रामसेवक मॅडमनी भाऊरावांकडे पाहिलं, मग मला वाचा म्हणाल्या.

पहिली ओळ वाचली तेव्हा मागे पोरं हसली. मी कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचला. सगळं वाचलं, पानांची संख्या, जपानी कागदाचे तुकडे, सगळं. संपल्यावर भाऊराव उठले. ते चिडलेले नव्हते, उलट हसत होते. सभेकडे वळून म्हणाले, यानं सोताच सांगतलं कूलर लावला म्हणून, मंग रंग कोणं आणला? लोक पुन्हा हसले. मी रविवारच्या चौकोनांचं परत सांगितलं. तर ते म्हणाले, असं असन तर याच पानाच्या कोऱ्या जागी पाणी लाव आणि सगळ्यांसमोर दाखव. लोकांनाही ते पटलं. लाव ना, लाव, असं दोन्हीकडून सुरू झालं. एकाने पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला.

मी तो उचलून खाली जमिनीवर ठेवला. म्हणालो, "पहिल्यांदा चुकलो ते न समजून. आता समजून चुकणार नाही. भिंग आहे, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. हात न लावता."

मग ग्रामसेवक मॅडम वाकून बघू लागल्या. आधी चार तारीख बघितली, मग अकरा, मग तेरा. मान वर करून त्या बाजूला झाल्या. त्यांच्या मागे बायका उठल्या. ओळ लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही बघितलं. मी प्रत्येकीला सांगत होतो, हा रिकामा, हा रिकामा, आणि हा. एक म्हातारी म्हणाली की तिचाही अंगठा याच पानावर असेल. तो शोधून दाखवला. शालूबाई मात्र आपल्या जागेवरून उठल्या नाहीत.

सगळ्यांत शेवटी भाऊराव आले. भिंगावर वाकून त्यांनी तिन्ही चौकोन पाहिले. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरलेला होता. सभेला नाही, मलाच म्हणाले, पण शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. "माह्या बापानं खोडलं असन, त साहेबानं सांगतलं म्हणून खोडलं असन. पोटापाण्याचा माणूस होता तो."

कोणी खोडलं ते मी लिहिलं नव्हतं, मामा. ते त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर ते खुर्चीवर जाऊन बसले. मॅडमनी दगडाचा ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितले. पुरुषांत दहा-बारा झाले. बायकांच्या बाजूला एकही नाही. ठराव बारगळला. मग एका मास्तरांनी सुचवलं की चांगुणाचंही नाव दगडावर घालू, म्हणजे वाद मिटेल.

तेव्हा शालूबाई उठून टेबलाजवळ आल्या. म्हणाल्या, "दगडावर कोणाचंबी नाव टाका नाई तर नका टाकू. मले तिची तेरा तारखेची मजुरी द्या. मजुरी देल्ली म्हंजे ती कामावर होती. नाव तर मेलेल्याचंबी टाकतात."

मॅडम म्हणाल्या की पंचायतीच्या हिशेबात अशा खर्चाला खातंच नाही, आणि ते काम पंचायतीचं नव्हतंही, सरकारचं होतं. शालूबाई म्हणाल्या, मग सरकारकडून मागवा, मी बसते. आणि टेबलासमोर खाली बसल्या. त्यांच्या मागे बायकाही बसल्या. दुपारचा एक वाजून गेला. पुरुष जेवायला जायला बघत होते, पण बायका उठेनात म्हणून कोणाच्या घरी ताट वाढायला कोणी नव्हतं. शेवटी मॅडमनी मला हजेरीपत्रकाच्या माथ्यावरचा दर वाचायला सांगितला आणि इतिवृत्तात मागणी लिहून घेतली, वर पाठवण्यासाठी. शालूबाईंनी त्याखाली अंगठा दिला. पैसे मिळेपर्यंत दर ग्रामसभेला येणार, असं सांगून गेल्या.

अकराही पानं कापडी फोल्डरमध्ये घालून दिली आणि पावती घेतली. लॅमिनेशन नाही, कूलरच्या खोलीत नाही, असं फोल्डरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. भाऊरावांनी बिल द्यायला नकार दिला. मालक ती रक्कम माझ्या पगारातून कापणार म्हणतात. बिल भाऊरावांच्या नावाचं नव्हतंच. काम पंचायतीचं आहे, म्हणून ते पंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवायला लावलं आणि शिक्का घेतला.

हिशेब खालीलप्रमाणे.

खर्च:
सिलिकॉनचा कागद, ६० रुपये
पुठ्ठे आणि कापडी फोल्डर, १४० रुपये
टपाल आणि फोटो, ४८ रुपये
टेंभुरखेड एसटी, जाऊन-येऊन, ५० रुपये
एकूण २९८ रुपये.

देणे:
तुमचा जपानी कागद, सगळ्या पानांचे मिळून एकवीस तुकडे. किंमत तुम्ही सांगाल ती. उरलेला सोबत परत.

येणे:
टेंभुरखेड ग्रामपंचायतीकडून, अकरा पानांची दुरुस्ती, पानाला ६० प्रमाणे ६६० रुपये.
चांगुणा, स्त्री मजूर, मुरूम खोदाई, १३ फेब्रुवारी १९७३, दिवस एक, दर दोन रुपये. हजर.